बोट दाखवण्याचे वय

महाराष्ट्रातील घराघरांतून तान्ह्या मुलाच्या वाढीचे जे टप्पे परंपरेने मोजले जातात, त्यांची मोजदाद एखाद्या जुन्या शिरस्तेदाराच्या दप्तराइतकी चोख असते. पाचवी पुजली जाते, बाराव्या दिवशी बारसे होते, पुढे उष्टावण, जावळ, संक्रांतीचे बोरनहाण. मूल पालथे कधी पडले, रांगू केव्हा लागले, पहिला दात खालचा आला की वरचा, आणि वरचा आला असल्यास मामाच्या जिवाला किती घोर, यांतले काहीही आजीला विचारून काढावे लागत नाही. परंतु या साऱ्या नोंदवहीत एक रकाना कोणीच आखलेला नाही. मूल पहिल्यांदा आपण होऊन बोट उचलते, झाडावरच्या कावळ्याकडे किंवा रस्त्यावरच्या बैलगाडीकडे दाखवते, आणि दाखवून झाल्यावर मागे वळून आपल्या माणसाच्या तोंडाकडे पाहते. कावळा हवा असतो म्हणून नव्हे, तर 'तूही बघ' एवढ्याचसाठी. या प्रसंगाला ना नाव आहे, ना विधी. साधारण वर्षाच्या आगेमागे हे सुरू होते आणि दीड वर्षापर्यंत बहुतेक मुलांच्या अंगवळणी पडते. इंग्रजीत जिला ऑटिझम आणि मराठीत स्वमग्नता म्हणतात, त्या अवस्थेची पहिली चाहूल पुष्कळदा नेमकी येथेच लागते. म्हणजे काही घडण्यात नव्हे, तर न घडण्यात. आणि न घडलेल्या गोष्टीची नोंद ठेवण्याची वहिवाट कोणत्याच समाजात नसते.

कुर्डुवाडीतले एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. बाप रेल्वेत किंवा साखर कारखान्यात नोकरीला, सासू-सासरे एकत्र, मुलगा दोन वर्षांचा, अंगाने सुदृढ, धावण्यात कोणाला हार न जाणारा. पण नावाने हाक मारली तर वळत नाही, आणि आतल्या खोलीत बिस्किटाचा पुडा फोडला तर मात्र बरोबर ऐकतो. आईच्या मनात पाल चुकचुकते. सासूबाई म्हणतात, "अगं, पोरं उशिराच बोलत्यात. ह्याचा बाप तरी कुठं चार वर्सांचा होईस्तवर बोलला हुता?" शेजारीण वेखंड उगाळून चाटवायला सांगते, कोणी जिभेखालची शीर दाखवून आणायचा सल्ला देते, कोणी पंढरीच्या विठोबाला नवस बोलते, आणि डॉक्टर, ज्यांच्या दवाखान्यात तापाने फणफणलेली वीस लेकरे रांगेत असतात, 'तीन वर्षांचा होऊ द्या, मग बघू' असे सांगून मोकळे होतात. यांपैकी कोणाचाही हेतू वाईट नाही. सासूबाईंचे म्हणणे तर अनेकदा खरेही ठरते, कारण उशिरा बोलणारी कितीतरी मुले पुढे घडाघडा बोलतात. फरक एवढाच की नुसते उशिरा बोलणारे मूल बोटाने, डोळ्यांनी, हातवाऱ्यांनी, पदर ओढून बोलतच असते. त्याच्यापाशी शब्द नसतात, पण संवाद असतो. ज्याच्यापाशी शब्दही नाही आणि बोटही नाही, त्याच्या बाबतीत वाट पाहणे ही निराळी गोष्ट होय. पहिली शंका आणि पहिला उपाय यांच्यामधली दोन-अडीच वर्षे अशीच, कोणाच्या खाती न पडता, निघून जातात.

या अवस्थेचा इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. शब्द जुना, १९११ च्या सुमारास युजेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने तो वेगळ्याच आजाराच्या एका लक्षणासाठी योजला होता. बालकांच्या संदर्भात त्याला आजचा अर्थ आला तो १९४३ साली, जेव्हा बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी ११ मुलांची वर्णने असलेला आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यानंतरची वीसएक वर्षे वैद्यकशास्त्राने केलेल्या एका मोठ्या अन्यायाची आहेत: आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, असा सिद्धान्त विद्वानांनी मांडला आणि हजारो मातांनी तो निमूटपणे स्वतःवर ओढून घेतला. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, १९६४ साली त्याचे खंडन केले. आणि १९७७ साली सुझन फोल्स्टीन व मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासून या अवस्थेचे मूळ मुख्यतः आनुवंशिक आहे हे दाखवून दिले. लशीमुळे हे होते ही अफवा १९९८ च्या एका इंग्रजी लेखातून उठली, आणि तो लेख नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. तिच्यावर यापेक्षा अधिक शाई खर्च करण्याचे कारण नाही. मोबाईलविषयी मात्र एक वाक्य लिहिले पाहिजे. मोबाईलने स्वमग्नता होते असे म्हणता येत नाही; पण जे मूल आधीच माणसांकडे कमी पाहते, त्याच्या हाती दिवसभर पडदा दिला तर पाहण्याचे उरलेसुरले प्रसंगही हिरावून घेतले जातात.

आता वयाचा मुद्दा. लहान वयात उपाय सुरू करावा हे ऐकायला इतके सोपे वाटते की त्याचे कारण कोणी विचारीत नाही. आणि जे कारण सांगितले जाते, म्हणजे 'मेंदू लहानपणी मऊ असतो', ते कुंभाराच्या मातीला लागू पडणारे आहे. खरे कारण समजण्यासाठी आजीच्या अंगणात जावे लागते. रात्री मुलाला कडेवर घेऊन आजी चांदोबा दाखवते. तेथे एक त्रिकोण असतो: मूल, आजी आणि चंद्र. मूल आजीच्या बोटाकडे पाहते, बोटावरून आकाशाकडे, आकाशाकडून पुन्हा आजीकडे. आणि या फेऱ्यांत त्याला कळते की हिच्या मनात जे आहे तेच माझ्याही डोळ्यांसमोर आहे. मानसशास्त्रज्ञ याला संयुक्त अवधान असे जड नाव देतात. भाषा या त्रिकोणातून येते. आई 'काऊ' म्हणते तेव्हा ती कोठे पाहते आहे हे ज्याला समजते त्यालाच काऊ म्हणजे काय ते कळते. ज्याला समजत नाही त्याच्या कानावर तो शब्द दिवसातून पन्नास वेळा पडूनही कशाला चिकटत नाही. आपडी-थापडी, अडगुलं-मडगुलं, बुवाकुक, काऊ-चिऊचा घास हे आपले सगळे शिशुवाङ्मय, थोडे लक्ष देऊन पाहिले तर, याच त्रिकोणाची तालीम आहे. मनोरंजन हे त्याचे वरचे वेष्टन. तेव्हा दीड वर्षांच्या ज्या मुलाचा हा त्रिकोण जुळत नाही, त्याचे नुकसान एका कौशल्याचे नसते. त्या कौशल्याच्या द्वारे रोज आपोआप मिळणारे शेकडो धडे त्याला मिळत नाहीत, ते न मिळाल्याने पुढचे धडे अवघड होतात, आणि माणसे उत्तर न देणाऱ्या मुलाशी हळूहळू कमी बोलू लागतात. हे चक्रवाढ व्याज आहे. लवकर सुरुवात करण्याचे महत्त्व मुद्दल लहान असतानाच कर्ज फेडण्याच्या महत्त्वासारखे असून, मातीच्या मऊपणाशी त्याचा संबंध थोडाच.

मेंदूचे म्हणणेही ऐकून घ्यावे. दुसऱ्या वाढदिवसापर्यंत मेंदूचे आकारमान प्रौढाच्या सुमारे ८० टक्के झालेले असते. पेशींमधले दुवे प्रथम गरजेपेक्षा पुष्कळ जास्त निर्माण होतात आणि वापरात येतील ते टिकून उरलेले छाटले जातात. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी मांजराच्या पिलांचा एक डोळा काही आठवडे बंद ठेवून दाखवले की ठरावीक मुदतीत न वापरलेली दृष्टी पुढे डोळा उघडूनही येत नाही; या कार्यासाठी त्यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या प्रयोगावरूनच 'मुदत संपली, दार बंद' हा विचार लोकांत रुजला. पण त्याला उत्तर आपल्याच देशातून मिळाले आहे. पवन सिन्हा या शास्त्रज्ञाच्या 'प्रकाश' प्रकल्पात जन्मतः मोतीबिंदू असलेल्या भारतीय मुलांवर आठव्या, दहाव्या, त्याहूनही पुढच्या वर्षी शस्त्रक्रिया झाल्या, आणि शास्त्राने ज्यांची आशा सोडली होती त्यांपैकी अनेक मुले माणसे ओळखण्याइतके पाहू लागली. त्यांची दृष्टी तुमच्या-आमच्याइतकी तीक्ष्ण झाली नाही. पण दार बंद झालेले नव्हते, जड झाले होते. स्वमग्नतेच्या बाबतीतही वयाविषयी बोलताना हा फरक मनात ठेवावा लागतो.

प्रत्यक्ष पुरावा काय सांगतो? प्रसिद्धीला आलेला पहिला प्रयोग १९८७ चा, कॅलिफोर्नियातील इव्हार लोवास यांचा. चार वर्षांच्या आतील १९ मुलांना आठवड्यास ४० तास याप्रमाणे दोन वर्षे व त्याहून अधिक काळ शिकवले गेले, आणि त्यांतील ९ मुले सामान्य बुद्ध्यंकासह नेहमीच्या पहिल्या इयत्तेत गेली. या ४० तासांच्या आकड्याने जगभरच्या आईबापांची झोप उडवली. परंतु कोणते मूल कोणत्या गटात जाईल हे तेथे चिठ्ठी टाकून ठरवलेले नव्हते, आणि त्या पद्धतीत दरडावणे व चापट मारणेही बसत होते, ज्याविषयी त्या शाळेतून गेलेली मुले मोठी झाल्यावर कडवटपणे बोलली आहेत. त्यामानाने २०१० चा अमेरिकेतील जेराल्डिन डॉसन व सॅली रॉजर्स यांचा प्रयोग अधिक काटेकोर होता: १८ ते ३० महिने वयाची ४८ मुले, चिठ्ठीने केलेले दोन गट, एका गटाला खेळाच्या ओघात शिकवण्याची पद्धत, दोन वर्षांनी त्या गटाचा बुद्ध्यंक सरासरी १७.६ अंकांनी वाढला, दुसऱ्याचा ७ अंकांनी. मात्र हाच प्रयोग अनेक केंद्रांवर पुन्हा केला तेव्हा, २०१९ साली, बुद्ध्यंकातला हा फरक दिसला नाही. भाषेतला फायदा दिसला, तोही सर्व केंद्रांवर नव्हे.

येथे वाचकाला एक खोच सांगितली पाहिजे, कारण वर्तमानपत्री लेखांतून ती नेहमी गाळली जाते. लवकर सुरुवात केलेली मुले आणि उशिरा सुरुवात केलेली मुले यांची नुसती तुलना करणे न्याय्य नाही. लवकर येणाऱ्या मुलाचे आईबाप बहुधा शिकलेले, शहरातले, पदरी पैसा असलेले; उलट कधी कधी लक्षणे फार तीव्र असल्यामुळेच मूल लवकर आणलेले असते. तेव्हा पुढे दिसणारा फरक वयाचा, पैशाचा की मूळ प्रकृतीचा, हे सांगणार कसे? याला एकच उपाय, म्हणजे सुरुवातीचे वयच चिठ्ठीने ठरवणे. तसा एक प्रयोग अमेरिकेत झाला आहे. ८२ मुलांपैकी काहींच्या आईबापांना मूल १८ महिन्यांचे असताना आणि काहींच्या आईबापांना ते २७ महिन्यांचे असताना तेच ते नऊ महिन्यांचे शिक्षण दिले गेले. २०२३ साली व्हिटनी गथ्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. भाषा समजणे, बोलणे, सामाजिक देवाणघेवाण आणि रोजचे व्यवहार यांत १८ महिन्यांच्या गटाची प्रगती अधिक झाली. अवघ्या नऊ महिन्यांचे अंतर. आणि आपल्याकडे 'तीन वर्षांचा होऊ द्या' म्हणताना वर्षे घातली जातात. त्याही आधीचा प्रयोग ऑस्ट्रेलियातला, २०२१ चा: ९ ते १४ महिन्यांची, सुरुवातीची चिन्हे दिसलेली १०३ बाळे, एका गटाच्या आईबापांना त्यांच्याच चित्रफिती दाखवून बाळाचे इशारे ओळखायला शिकवले, तिसऱ्या वर्षी स्वमग्नतेचे निदान त्या गटात ६.७ टक्के मुलांचे झाले, दुसऱ्यात २०.५ टक्के. हा एकच प्रयोग आहे आणि त्यावर इमारत बांधण्याची घाई करू नये, पण दुर्लक्ष करण्याजोगाही तो नाही.

तासांचे काय? २०२४ साली मायकेल सँडबँक आणि सहकाऱ्यांनी १४४ अभ्यासांतील नऊ हजारांवर मुलांची आकडेवारी एकत्र मांडून पाहिली, तेव्हा तास वाढवले म्हणून फायदाही वाढतो असे त्यांना आढळले नाही. माझ्या मते कुर्डुवाडीच्या दृष्टीने या सगळ्या संशोधनातली सर्वांत मोलाची ओळ ही आहे. 'लवकर' याला पुरावा आहे. 'चाळीस तास' याला नाही. आणि 'आता वेळ गेली' याला तर मुळीच नाही.

कुर्डुवाडीच्या दृष्टीने असे म्हणण्याचे कारण भूगोलात आहे. हे जंक्शन आहे. येथून सोलापूर सुमारे ८० किलोमीटर आणि पुणे सुमारे १८५. ज्यांना विकासात्मक बालरोगतज्ज्ञ म्हणतात असे डॉक्टर, वाचाउपचार करणारे, व्यवसायोपचार करणारे, हे सारे मोठ्या शहरांत. आठवड्यातून दोनदा पुण्याला जायचे म्हणजे दर खेपेला एका दिवसाची मजुरी, गर्दीच्या डब्यात कानांवर हात ठेवून किंचाळणारे मूल, आणि 'काय वळण लावलंय पोराला' असे पाहणाऱ्या शेजारच्या बाकावरच्या नजरा. दोन महिन्यांत खेपा बंद होतात आणि घरचे लोक त्याला स्वतःचा नाकर्तेपणा समजतात.

याच गावाच्या इतिहासात अशा अडचणीवरचा एक तोडगा आहे. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने येथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची बार्शी लाईट रेल्वे सुरू केली. त्या काळी या स्टेशनाचे नाव 'बार्शी रोड' असे होते. मुख्य मार्गाचे रूळ साडेपाच फुटी. मोठ्या गाडीचा डबा छोट्या रुळांवर जाऊ शकत नव्हता, तेव्हा माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावा लागे, आणि रुंदीकरण होऊन ही छोटी गाडी कायमची थांबेपर्यंत, म्हणजे शंभराहून अधिक वर्षे, कुर्डुवाडीचे मोल या उतरवण्या-चढवण्यातच होते. तज्ज्ञाची विद्या ही मोठ्या रुळांवरची गाडी आहे. ती कुर्डुवाडीभोवतीच्या माढा तालुक्यातल्या वस्तीपर्यंत येणार नाही. प्रश्न फलाटावरच्या माणसाचा आहे.

हा माणूस तयार करता येतो काय, याची परीक्षा आपल्या शेजारीच, गोव्यात झाली. पर्वरी येथील 'संगत' या संस्थेत डॉ. गौरी दिवाण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तसेच पाकिस्तानात रावळपिंडी येथे आतिफ रहमान यांच्या गटाने, एक उपचारपद्धती उचलली. ती मूळची मँचेस्टरच्या जोनाथन ग्रीन यांची; २०१० साली इंग्लंडमध्ये १५२ मुलांवर ती अजमावली होती आणि सुमारे सहा वर्षांनी पुन्हा पाहिले तेव्हाही तिचा परिणाम टिकून होता. तीत मुलाला थेट शिकवीत नाहीत. आई किंवा बाप मुलाशी दहाएक मिनिटे खेळतात, त्याची चित्रफीत घेतात, आणि मग कार्यकर्ता व पालक शेजारी बसून ती पाहतात. येथे तुम्ही चेंडू पुढे केलात, पण त्याचे लक्ष चमच्याच्या चकाकण्याकडे होते. येथे, पहा, अर्धा क्षण त्याने तुमच्याकडे पाहिले होते आणि तुम्ही त्याच वेळी बोलत होतात, म्हणून तो अर्धा क्षण निसटला. हे बोट ठेवून दाखवणारी माणसे इंग्लंडात वाचाउपचारतज्ज्ञ होती. गोव्यात आणि रावळपिंडीत ती तज्ज्ञ नव्हती, तर त्यासाठी तयार केलेले आरोग्य कार्यकर्ते होते. साधारण पंधरवड्याला एक याप्रमाणे बारा बैठका, मधल्या दिवसांत घरी रोज अर्धा तास. दोन ते नऊ वर्षांची ६५ मुले. २०१६ साली 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त निष्कर्ष छापून आले: आईबाप मुलाच्या लयीशी अधिक जुळवून घेऊ लागले आणि मुले आपण होऊन संवादास अधिक वेळा सुरुवात करू लागली. एका बाबतीत, म्हणजे दोघांनी मिळून एकाच वस्तूकडे लक्ष देण्याच्या वेळेत, उलट घटही दिसली; संशोधकांनी ती न लपवता छापली, म्हणून बाकीच्यावर माझा विश्वास अधिक बसतो. भावंडांनी, आजी-आजोबांनी, पाहुण्यांनी भरलेल्या आपल्या घरांत हे होऊ शकते, याचा हा पहिलाच पक्का दाखला होता.

सरकारी यंत्रणेचे म्हणाल तर कागदावर ती उत्तम आहे, आणि तिची जन्मभूमीही महाराष्ट्रच. 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरहून सुरू झाला. त्याअन्वये फिरती वैद्यकीय पथके अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी करतात, तपासावयाच्या ३० अवस्थांच्या यादीत स्वमग्नताही आहे, आणि संशयित मुलाला 'जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रा'कडे पाठवावयाचे असते. ('हस्तक्षेप' हा शब्द ज्याने योजला त्याने कधी तान्ह्या मुलाला हात लावला नसावा, मराठीत हस्तक्षेप पोलीस करतात किंवा हायकोर्ट.) त्याच्याही आधी, १९४५ साली, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालवाडी मुलांच्या वस्तीत, अंगणात नेली होती. म्हणजे मुलाने तज्ज्ञाच्या दारी जाण्याऐवजी शिकवणाऱ्याने मुलाच्या दारी जावे, ही कल्पना आम्हांला गोव्याहून किंवा मँचेस्टरहून आणण्याचे कारणच नव्हते. अडचण तपासणीच्या क्षणाची आहे. शंभर मुलांची वजने घेऊन, दात पाहून, रक्तक्षय शोधून पथक पुढच्या गावाला निघते. त्या घाईत अंगठ्याएवढे प्रश्न विचारायचे राहतात: नावाने हाक मारली की बघतो का? बोट दाखवतो का? दाखवून तुमच्याकडे वळतो का? भारतात दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाच ठिकाणी जी मोठी पाहणी झाली व २०१८ साली प्रसिद्ध झाली, आणि जिच्यात उत्तर गोवाही होता, तिच्यावरून स्वमग्नतेचे प्रमाण साधारण शंभरात एक निघते. माढा तालुक्याच्या प्रत्येक मोठ्या गावात अशी मुले असणारच.

कायद्यानेही या मुलांना ओळखायला वेळच घेतला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत त्याला पक्की जागा मिळाली. दाखल्यासाठी ४० प्रश्नांची भारतीय मोजपट्टी आहे. दाखला मिळवावाच, विमा, सवलती, शाळेतील मुभा त्यावर अवलंबून असतात. परंतु पुष्कळ घरांतून दाखला म्हणजेच उपचाराचा आरंभ असा समज असतो, आणि तारखांमागून तारखा पडत असताना घरचे लोक हात बांधून बसतात. वस्तुतः मुलाची श्रवणचाचणी करून घेणे (कारण बहिरेपणाही असाच दिसतो आणि त्याचा उपाय निराळा), पडदा दूर ठेवणे, आणि रोज अर्धा तास जमिनीवर त्याच्यासमोर बसणे, यांपैकी कशालाही कोणाच्या सहीशिक्क्याची गरज नाही. निदान पुढे चुकीचे ठरले तरी यांत मुलाचे काही बिघडत नाही. याउलट मूलपेशींची इंजेक्शने विकणाऱ्यांकडे जाऊन जमीन गहाण टाकलेली घरे आहेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्येच स्वमग्नतेसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही असे स्पष्ट केले आहे.

उशिरा कळलेल्यांचे काय, हा प्रश्न ज्यांचे मूल आज सात किंवा दहा वर्षांचे आहे अशा आईबापांच्या मनात हे वाचताना सलत असेल. त्यांच्यासाठी कॅनरच्या ११ मुलांपैकी पहिल्याची हकिगत सांगतो. डोनाल्ड ट्रिपलेट १९३३ साली मिसिसिपीतल्या फॉरेस्ट नावाच्या एका लहानशा गावी जन्मला. तीन-चार वर्षांचा असताना डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला दूरच्या एका संस्थेत ठेवले गेले, जेथे तो अधिकच मिटत गेला. सुमारे वर्षभराने आईबापांनी डॉक्टरांचे न ऐकता त्याला परत आणले. लवकर उपचार नावाची वस्तूच तेव्हा अस्तित्वात नव्हती. पुढे काही वर्षे तो एका शेतकरी जोडप्याकडे राहिला, ज्यांनी त्याच्या मोजण्याच्या वेडाला काम दिले: मक्याच्या ओळी मोज, विहिरीची खोली मोज. तो शाळेत गेला, कॉलेजात गेला, गावच्या बँकेत कारकून झाला, सत्ताविशीत मोटार चालवायला शिकला, गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी हिंडला, आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी त्याच गावात वारला. बोलणे अखेरपर्यंत तुटकच होते. घरची बँक होती हे खरे, आणि तसे भाग्य सर्वांचे नसते हेही खरे. पण त्याच्यावर लिहिणाऱ्या दोन पत्रकारांना गावातल्या माणसांनी बजावले होते की आमच्या डोनाल्डला त्रास झाला तर खबरदार. लहान गावाजवळ शहरातले तज्ज्ञ नसतात. प्रत्येकाला प्रत्येक जण ठाऊक असणे हे मात्र असते.

रेल्वेच्या गावात आगगाडी पाहण्याचे वेड असलेले मूल विरळा नाही, आणि स्वमग्न मुलांना फिरणाऱ्या चाकांची ओढ पुष्कळदा असते. तेव्हा संध्याकाळी कुर्डुवाडीच्या स्टेशनाबाहेर, तारेच्या कुंपणापाशी, असे एखादे तीन वर्षांचे मूल उभे आहे असे समजा. आई त्याला 'इकडे बघ, बाळा, इकडे बघ' म्हणून हनुवटीला धरून वळवीत असे. ते तिने सोडून दिले आहे. आता ती त्याच्या उंचीइतकी उकिडवी बसते, ते जेथे पाहते तेथेच, चाकांकडे, पाहते, आणि मालगाडी सुरू झाली की फक्त 'धडाड्' म्हणते. मग थांबते. दुसऱ्या दिवशी पुन्हा धडाड्, पुन्हा थांबणे. कित्येक दिवस मूल तिच्याकडे पाहत नाही. मग एका संध्याकाळी गाडी हलते आणि ती मुद्दामच गप्प राहते. चाके फिरू लागतात, शब्द येत नाही, आणि मूल चाकांवरून नजर काढून, किंचित त्रासल्यासारखे, तिच्या तोंडाकडे पाहते.

"धडाड्," ती म्हणते.

गाडीचे डबे अजून पुष्कळ यायचे असतात.